कोयता : हत्याराची पारख व शब्दाचा अर्थविस्तार

उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातील वहीत 'दहा कोयते' अशी नोंद आढळली, तर तिचा अर्थ दहा हत्यारे असा कोणी करीत नाही. दहा कोयते म्हणजे दहा जोडपी, अर्थात वीस माणसे. हंगामास निघण्यापूर्वी गावच्या बाजारात घिसाड्यासमोर बसून तोडणी कामगार जे दहा कोयते चाळून पाहतो, ती मात्र हत्यारेच असतात आणि त्यांतील एक तो उचलतो. हे दोन अर्थ मराठीत शेजारी शेजारी नांदत आहेत. दुसऱ्यापासून पहिला निघाला हे उघड आहे. परंतु तो कोणत्या परिस्थितीत निघाला आणि कोणाच्या सोयीसाठी रूढ झाला, याचा उलगडा केवळ शब्दाकडे पाहून होत नाही. त्यासाठी हत्याराकडे, ते घडविणाऱ्याकडे आणि ते विकत घेणाऱ्याच्या निवडीकडेही पाहावे लागते.

पीक कापण्याच्या हत्याराने भारतीय भाषाविचारात फार पूर्वीच स्थान मिळविले आहे. ऋग्वेदात दात्र आणि सृणी ही दोन्ही नावे येतात. यास्काने निरुक्ताच्या दुसऱ्या अध्यायात प्रदेशपरत्वे होणाऱ्या शब्दभेदांची उदाहरणे देताना असे नोंदविले की, कापणे या अर्थी 'दा' धातूचे क्रियारूप पूर्वेकडील लोक वापरतात, तर उत्तरेकडील लोकांत त्याच धातूपासून झालेले 'दात्र' हे नाम तेवढे रूढ आहे. पतंजलीने महाभाष्याच्या पस्पशाह्निकात हेच उदाहरण पुन्हा घेतले. पाणिनीने तिसऱ्या अध्यायात करणवाचक प्रत्ययांचा विचार करताना एका सूत्राने दात्र आणि त्याच पादातील दुसऱ्या सूत्राने लवित्र या शब्दांची सिद्धी केली आहे. म्हणजे बोलीभेदाविषयीच्या या देशातील अगदी जुन्या निरीक्षणांपैकी एक निरीक्षण विळ्याविषयीचे आहे. यात नवल वाटण्याचे कारण नाही. हे हत्यार गावोगाव घडते, व्यापाऱ्याला ते दुरून आणावे लागत नाही. आणि जी वस्तू जागच्या जागी घडते तिचे नाव कोस-दोन कोसांवर बदलण्यास मोकळे असते. यास्काने दाखविलेला दुसरा विशेषही ध्यानात ठेवण्याजोगा आहे : धातू एका प्रदेशात क्रिया म्हणून जगतो आणि दुसऱ्या प्रदेशात केवळ हत्याराच्या नावात शिल्लक राहतो. कोयत्याच्या बाबतीत नेमके हेच घडलेले दिसते. मात्र तेथे प्रश्न एका भाषेच्या दोन बोलींचा नसून दोन भाषाकुलांचा आहे.

दात्राचा वंश गुजरातीत 'दातरडुं' या रूपाने चालू राहिला. मराठीत पिकाच्या कापणीसाठी विळा हा शब्द सर्वत्र रूढ आहे आणि त्याच्या जोडीला कोयता उभा आहे. कोयत्याचा संबंध संस्कृतातील 'कृत्' धातूशी जोडण्याचा मोह होतो. परंतु त्या धातूपासून मराठीत आलेले शब्द कातणे, कातर, कात्री या वळणाचे आहेत. त्यांतील आकाराऐवजी ओकार आणि मध्ये यकार कोठून आला, याचे समाधान त्या वाटेने मिळत नाही. उलट दक्षिणेकडे पाहिले की सगळे चित्र स्पष्ट होते. तमिळ आणि कन्नड भाषांत 'कोय्' म्हणजे कापणे, खुडणे. तेलुगूत त्याचे रूप 'कोयु' आणि त्यापासून 'कोत' म्हणजे कापणी. मलयाळममध्ये 'कोय्त्तु' म्हणजे पिकाची कापणी किंवा सुगी. बरो आणि एमेनो यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात हे शब्द एका मुळाखाली एकत्र आणले आहेत. मराठी कोयत्यातील 'त' हा या क्रियावाचक नामांतील तकाराशी जुळतो. मराठीत 'कोयणे' असे क्रियापद नाही. क्रिया बाहेर राहिली आणि हत्याराचे नाव तेवढे घरात आले, हे उसनेपणाचे एक चांगले लक्षण समजले जाते. कोंकणीत कोयतो व कोयती आणि गुजरातीत कोयतो ही रूपे आहेत; म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या पट्ट्यात हा शब्द उत्तरेकडे बराच दूरवर पोहोचला आहे.

उसना शब्द आला, परंतु अर्थ जसाच्या तसा आला नाही. द्राविडी भाषांत 'कोय्' ही धान्य कापण्याची, फुले खुडण्याची, हलक्या हाताची क्रिया आहे. मराठीत ते काम विळ्याकडे आधीच होते. त्यामुळे कोयत्याच्या वाट्याला जड काम आले. आजही दोन हत्यारांची विभागणी क्रियापदांवरून ओळखता येते. विळ्याने कापतात, कोयत्याने तोडतात. भाताची कापणी होते, उसाची तोडणी होते. 'ऊसकापणी' हा शब्द मराठी कानाला परका वाटतो. हा भेद केवळ बोलण्यातील सवयीचा नाही. विळ्याचे पाते पातळ व अर्धवर्तुळाकार असते. मुठीत धरलेल्या ताटांभोवती ते घालून स्वतःकडे ओढावयाचे असते. तेथे धार काम करते, वजन नव्हे. कोयता हाणावयाचा असतो. त्याचे वजन पुढे टोकाकडे असावे लागते, पाठ जाड असावी लागते आणि आघात मुठीपर्यंत पोहोचता कामा नये. क्रियेतील हा फरक लक्षात घेतला म्हणजे लोहाराने दोन्ही हत्यारांचे लोखंड एकाच रीतीने का पाजवू नये, तेही समजते.

लिंगाच्या दृष्टीनेही या शब्दाची घडण मराठीच आहे. सुरा-सुरी, विळा-विळी, कोयता-कोयती अशा जोड्यांत पुल्लिंगी रूप मोठ्या व जड हत्याराचे आणि स्त्रीलिंगी रूप लहान किंवा घरगुती हत्याराचे असते. विळी तर घरातच बसली, पाटावर बसली, आणि तिचा शेताशी संबंध उरला नाही. कोयतीही नारळ सोलण्याच्या, फाटे तोडण्याच्या कामी परसदारी राहिली. व्याकरणातील ही वाटणी पुढे उसाच्या फडात एका अनपेक्षित रीतीने प्रत्ययास येते. ते यथाक्रम पाहू.

कोकणातील कोयता आणि देशावरचा कोयता यांत मोठे अंतर आहे. कोकणातील कोयत्याला पुढे आकडीसारखी चोच असते. झाडावर चढलेल्या माणसाला ती फांदी ओढून घेण्यास उपयोगी पडते. तो कमरेस मागच्या बाजूला लाकडी आकड्यात अडकवून नेतात, कारण चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. घाटाच्या रांगेने खाली गेल्यास कोडगू प्रदेशातही रुंद पात्याची 'ओडिकत्ती' पाठीमागे धातूच्या कडीत अडकवून वागविण्याची रीत आढळते. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी या जुन्या जिल्ह्यांत भातखाचरात राब भाजण्यासाठी झाडांचा पालाफांदी तोडणे हे वर्षाकाठचे ठरलेले काम होते आणि ते कोयत्याचे काम होते. जंगलखात्याने अशा तोडीवर निर्बंध घातले तेव्हा जो असंतोष उद्भवला, त्यातून मुंबई सरकारला १८८५ साली वनविषयक आयोग नेमावा लागला. या प्रदेशात कोयता हे शेतीचे हत्यार होते, तसे ते हक्काचेही चिन्ह होते. देशावर झाडे विरळ. तेथे कोयत्याला चोचीची गरज उरली नाही. पाते आखूड, रुंद आणि किंचित वाकलेले झाले. उसासाठी पुढे हाच घाट उपयोगी पडला.

हे हत्यार कोण घडवीत होते? जुन्या गावगाड्यात लोहार हा बलुतेदार. कुणब्याची अवजारे वर्षभर नीट ठेवायची आणि सुगीस धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे, हा व्यवहार त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथामुळे अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. नवे हत्यार करावयाचे असल्यास अनेक गावी लोखंड व कोळसा कुणब्याने आणावा, भाताही त्यानेच ओढावा, अशी रीत होती. या व्यवस्थेत हत्याराची किंमत हा प्रश्नच वेगळ्या प्रकारचा होता. निवड हत्याराची नव्हे, लोखंडाची करावी लागे. आणि वाईट निघालेले पाते त्याच भट्टीत परत नेता येई. घडविणारा आणि वापरणारा एकाच गावात राहत असल्यामुळे पात्याची हमी वेगळी मागावी लागत नव्हती.

गावोगाव फिरणारा घिसाडी या हमीच्या बाहेरचा. बैलगाडीवर संसार, वेशीबाहेर मुक्काम, जमिनीत रोवलेली लहान ऐरण आणि हाताने चालणारा भाता, एवढ्या साधनांवर तो काम करतो. त्याच्या कामाचा एक विशेष सर्वांच्या डोळ्यांत भरतो : पुरुष सांडशीत पाते धरून बसतो आणि समोर उभी राहून घण मारते ती बहुधा त्याची स्त्री. ग्रियर्सनने भारतीय भाषापाहणीच्या नवव्या खंडाच्या दुसऱ्या भागात, १९०८ साली, या लोकांच्या बोलीची 'तारीमूकी अथवा घिसाडी' या नावाने नोंद घेतली असून तिला गुजरातीच्या बोलींत स्थान दिले आहे. घरात गुजरातीच्या जवळची बोली बोलणारा कारागीर, द्राविडी मुळाचे नाव असलेले हत्यार, मराठी बोलणाऱ्या कुणब्याला विकतो. महाराष्ट्राच्या भाषिक इतिहासाचे इतके आटोपशीर उदाहरण शोधूनही क्वचित मिळेल.

गेल्या शतकात या धंद्याचा कच्चा माल बदलला. पूर्वी गाडीच्या चाकांच्या धावा, झिजलेल्या कानशी, मोडकी हत्यारे यांतून लोखंड मिळे. मालमोटारी वाढल्या तसा त्यांच्या कमानीचा पाटा घिसाड्याच्या हाती आला. त्यात कर्ब साधारणतः अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आत असतो आणि सिलिकॉन व मँगनीज यांचा अंशही असतो. वाहनाचा भार वर्षानुवर्षे झेलून पुन्हा सरळ होण्यासाठीच हे पोलाद बनविलेले असते. त्यामुळे कोयत्याला जो चिवटपणा हवा तो त्यात मुळातच असतो. भंगाराच्या भावाने मिळणारे हे पोलाद कोणत्याही मुद्दाम आणलेल्या पट्टीहून या कामास अधिक योग्य ठरले. स्वस्त आणि टिकाऊ या दोन गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत. येथे त्या नांदल्या त्या मोटारींच्या भंगारामुळे.

परंतु चांगले पोलाद म्हणजे चांगला कोयता नव्हे. सारे 'पाण्या'वर अवलंबून असते. या ठिकाणी मराठीने एक जुनी कल्पना जपून ठेवली आहे. पात्याला 'पाणी देणे' आणि धार 'पाजवणे' हे दोन्ही प्रयोग लोखंडाला तहान असते, असे मानून झालेले आहेत. पिणे याचे प्रयोजक रूप पाजणे. पाजवणे हा त्याचाच पुढचा विस्तार मानणे सर्वात सरळ वाटते. संस्कृतात याच अर्थी 'पायना' हा शब्द आहे. सुश्रुताने सूत्रस्थानात शस्त्रांच्या पायनेचे क्षार, उदक आणि तैल असे तीन प्रकार सांगितले : हाड किंवा शल्य छेदणाऱ्या शस्त्राला क्षाराचे, मांस छेदणाऱ्याला पाण्याचे, शिरा वेधणाऱ्या व स्नायू छेदणाऱ्या शस्त्राला तेलाचे. वराहमिहिरानेही बृहत्संहितेत खड्गाच्या पाण्याच्या कृती दिल्या आहेत. सुश्रुताच्या वाटणीमागील तत्त्व आजच्या धातुविद्येलाही मान्य व्हावे असे आहे : कामाचे स्वरूप पाहून थंड करण्याचे माध्यम ठरवावे, सर्व हत्यारांना एकच पाणी देऊ नये.

तापून लाल झालेले पोलाद एकदम पाण्यात बुडविले तर ते कमालीचे कठीण होते आणि तितकेच ठिसूळही. ते पुन्हा मंद तापविले म्हणजे काठिण्य थोडे उतरते व चिवटपणा येतो. घिसाडी उष्णतामापक वापरीत नाही. घासून उजळ केलेल्या पात्यावर चढणारा रंग तो पाहतो. सुमारे २३० अंश सेल्सिअसला फिकट गवती रंग येतो, ३०० अंशांच्या आसपास निळा. वस्तऱ्याला गवती रंगावर थांबविणे ठीक. कोयत्याला निळ्याकडे झुकू द्यावे लागते. कारण ऊस जमिनीलगत तोडायचा असतो. साखरेचे प्रमाण बुडख्याकडे अधिक, शिवाय बुडखा उंच राहिला तर खोडवा नीट फुटत नाही. म्हणून शेतकरी आणि कारखाना दोघेही मातीला टेकून तोडण्याचा आग्रह धरतात. मातीला टेकून म्हणजे खड्याला टेकून. अति कडक पात्याचा तेथे टवका उडतो. त्यापेक्षा किंचित मऊ पात्याची धार वळते, आणि वळलेली धार कानशीने पुन्हा उभी करता येते. ज्याला दिवसातून अनेकदा कानस फिरवावी लागते तो कोयता वाईट, असे शहरी ग्राहकाला वाटेल. फडातील माणूस नेमका तोच पसंत करतो. टवका उडालेला कोयता संध्याकाळपर्यंत नीट होत नाही, आणि तोवरची मजुरी बुडते.

वजनाचाही हिशेब असाच आहे. एक जोडपे दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते. एका उसाचे वजन सरासरी एक किलो धरले, तर पंधराशे ते दोन हजार ऊस. प्रत्येकाला बुडाशी एक आणि शेंड्याशी एक असे निदान दोन घाव, म्हणजे तीन ते चार हजार घाव. कोयता गरजेपेक्षा शंभर ग्रॅमने जड असला तर हाताला दिवसाकाठी तीनशे ते चारशे किलो जादा उचलावे लागतात. तो तेवढाच हलका असला तर एका घावात होणारे काम दोन घावांवर जाते. म्हणून बाजारात कोयता निवडणारा माणूस प्रथम धारेकडे पाहत नाही. तो तोल पाहतो, पाठीची जाडी बोटांत धरून पाहतो, पाते ऐरणीवर वाजवून नाद ऐकतो. नाद बद्द आला तर कोठेतरी चीर आहे असे समजतो. मग मूठ. मुठीत गेलेला पात्याचा खिळा आखूड असेल, किंवा तोंडाशी लोखंडी कडे सैल असेल, तर उत्तम पोलादाचाही उपयोग नसतो, कारण निसटलेला कोयता सर्वात आधी शेजारच्या माणसाला लागतो. धार सर्वात शेवटी पाहतात. ती लावण्याचे काम घेणाऱ्याच्याच हातचे असते.

अमेरिका खंडातील मळ्यांत हे सारे वेगळ्या रीतीने घडले. कनेक्टिकटमधील कॉलिन्सविल येथे १८२६ साली सुरू झालेल्या कॉलिन्स कंपनीची पाती लॅटिन अमेरिकेत दूरवर विकली गेली. ती यंत्रावर, ठरलेल्या नमुन्यांनुसार तयार होत आणि जहाजाने येत. इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियन बेटांवर शेतातील पात्याला 'कटलस' हे नाविकाच्या तलवारीचे नाव मिळाले आणि ते आजही प्रचारात आहे. तेथे शस्त्राचे नाव शेतात उतरले. महाराष्ट्रात कापणीच्या क्रियेचे नाव हत्याराला मिळाले आणि हत्याराचे नाव माणसाला.

हा शेवटचा टप्पा जुना नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्या काळी कोयत्याला हत्याराखेरीज दुसरा अर्थ असणे संभवतच नव्हते. ऊस होता, पण तो गुऱ्हाळाचा होता. बैलांच्या चरकावर दिवसभरात जेवढा ऊस गाळता येई, तेवढाच तोडावा लागे. घरची व गावची माणसे त्यास पुरत. निरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात आणि प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, तेव्हा कालव्यांच्या पट्ट्यात उसाचे क्षेत्र वाढले. १९१९ साली स्थापन झालेल्या बेलापूर कंपनीचा हरेगाव येथील कारखाना, १९३२ च्या संरक्षक जकातीनंतर निघालेले माळीनगर, रावळगाव, वालचंदनगर येथील कारखाने, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५०-५१ च्या हंगामात चालू झालेला प्रवरेचा सहकारी कारखाना, हा क्रम सर्वपरिचित आहे. त्यातील एकच बाब येथे महत्त्वाची. चरकाच्या मानाने यांत्रिक घाण्याची भूक अफाट होती. आणि तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर उतरते, म्हणून ती भूक रोजच्या रोज, ठरलेल्या प्रमाणात भागवावी लागे. कारखान्याला 'इतके मजूर' नको होते. 'दिवसाला इतके टन' हवे होते. दीड-दोन टनांचे एक माप हवे होते, आणि ते माप म्हणजे एक तोडणारा हात व त्याच्यामागे मोळी बांधणारी, वाहणारी एक व्यक्ती.

ही माणसे कालव्याच्या पट्ट्यात नव्हती. ती बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, तसेच अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांत होती. १९७२ च्या दुष्काळानंतर या स्थलांतराचा ओघ फार वाढला. दसऱ्यानंतर निघायचे, फडाजवळ कोपी घालून राहायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे, असा वर्षाचा सांगाडा ठरून गेला. कारखाना मुकादमाशी करार करतो, मुकादम जोडप्याला उचल देतो. आणि उचल किती, हे कोयत्याच्या हिशेबाने ठरते. करारात आणि बोलण्यात 'एका कोयत्याला इतकी उचल' असे म्हटले जाते. एकटा पुरुष किंवा एकटी स्त्री आली तर तिला 'अर्धा कोयता' म्हणतात. हत्यार अर्धे असू शकत नाही. तेव्हा 'अर्धा कोयता' हा प्रयोग ज्या दिवशी रूढ झाला, त्या दिवशी शब्दाचा नवा अर्थ जुन्यापासून पुरता सुटा झाला असे समजण्यास हरकत नाही. अर्थविस्ताराचा याहून नेमका पुरावा कोशकाराला नको.

साधनावरून माणसे मोजण्याची रीत मराठीला नवी नव्हती. 'चार औतांचा कुणबी' हा प्रयोग जुना आहे. इंग्रजीतही कारखान्यातील मजुरांना 'हात' म्हटले गेले. परंतु औत आणि कोयता यांत एक भेद आहे, आणि तो भेद दृष्टिआड झाला तर या शब्दाचे मर्मच सुटते. औतांची संख्या ही धन्याच्या ऐपतीचे माप होती. चार औते म्हणजे त्याचे आठ बैल, त्याची जमीन, त्याचा मान. कोयता हे धरणाऱ्याच्या ऐपतीचे माप नाही. दुसऱ्याला त्याच्यापासून किती टन मिळतील, त्याचे ते माप आहे. आणि तरीही तो कोयता विकत घेतो तो धरणाराच. कारखाना ऊस तोलण्याचा काटा आणतो, मुकादम उचल आणतो, वाहनवाला ट्रक किंवा ट्रॅक्टर आणतो. हत्यार मात्र मजुराने आपल्या पैशाने, बहुधा घेतलेल्या उचलीतूनच, आणायचे असते. म्हणूनच बाजारातील ती निवड इतकी चोखंदळ असते. सबंध व्यवहारात त्याच्या पसंतीने ठरणारी वस्तू जवळजवळ ती एकच.

पहिल्या भागात लिंगाविषयी जे म्हटले, त्याचा संबंध येथे येतो. कोयता पुल्लिंगी, एकवचनी. 'कोयता आला', 'कोयता पळाला', 'कोयता फिटला'. या वाक्यांत दोन माणसे आहेत, परंतु क्रियापद एकाचेच आहे आणि लिंग पुरुषाचे. कामाची वाटणी पाहिली तर बहुधा पुरुष तोडतो. स्त्री पाचट बाजूला करते, वाढे वेगळे ठेवते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढविते. 'डोकी सेंटर' हे एका तोडणीपद्धतीचे नावच या ओझ्यावरून पडले आहे. तिच्या हातात बराच वेळ कोयता नसतो. पण ती कोयत्यात मोजली जाते, आणि मोजली गेल्यामुळेच वेगळी दिसत नाही. उचल, हिशेब, खाडा, सर्व कोयत्याच्या नावे. एक दिवस ती फडात उतरली नाही, तर खाडा कोयत्याचा पडतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांवर मोठ्या संख्येने झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला व शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या वेळी खाड्याची भीती हे कारण अनेक स्त्रियांनी सांगितल्याचे वृत्तांतांतून प्रसिद्ध झाले. घिसाड्याच्या ऐरणीसमोर घण मारणारी स्त्री आणि फडात मोळी उचलणारी स्त्री, कोयत्याच्या घडणीत व कोयत्याच्या कामात दोघींचा वाटा निम्म्याहून कमी नाही. शब्दात मात्र दोघींनाही जागा नाही.

दक्षिण गुजरातेतही हाच शब्द याच अर्थाने रूढ झाला. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली बारडोली परिसरातील सहकारी साखर कारखान्यांच्या हंगामी मजुरांविषयी लिहिले. तेथे खानदेशातून येणाऱ्या तोडणी कामगारांच्या लहान गटाला कोयता हेच नाव होते. गुजरातीत हत्यारवाचक 'कोयतो' आधीपासूनच असल्याने नव्या अर्थाला तेथे शिरकाव करणे जड गेले नसावे. स्थलांतर करणाऱ्यांनी आपले हत्यार नेले, आणि मालकवर्गाने त्यांच्याबरोबर त्यांचे मापही स्वीकारले.

अलीकडे शब्दाला आणखी एक अर्थ चिकटू पाहत आहे. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यातील वृत्तपत्रांनी शहरातील काही गुन्हेगारी टोळ्यांना 'कोयता गँग' हे नाव दिले. त्याचा परिणाम असा की, हंगामास निघालेल्या माणसाच्या पिशवीतील हत्यार शहराच्या वेशीत संशयास्पद ठरू लागले. ही छटा किती काळ टिकेल, हे भाषेवर अवलंबून नाही.

फडात आता तोडणी यंत्रेही आली आहेत आणि बाजारात कारखान्यात छापून काढलेली, रंगीत मुठीची पातीही मिळतात. ती दिसायला एकसारखी असतात, आणि हाच त्यांच्याविरुद्धचा आक्षेप आहे : ज्याने पाणी दिले तो समोर नसतो, त्यामुळे नाद ऐकून परत करण्याची सोय नसते. पुष्कळ तोडणी कामगार अजूनही कमानीच्या पाट्याचा कोयता मागतात आणि तो घिसाड्याकडूनच घेतात. हंगाम संपताना त्या पात्याची रुंदी कानशीने खाऊन बरीच कमी झालेली असते. ऊस तोडण्याइतके वजन त्यात उरत नाही. मूठ बदलून ते घरी जळण फोडण्यासाठी ठेवतात आणि मग त्याला कोयती म्हणतात.